डाव्या खांद्यावरचा पदर

आखातात, डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतल्या नव्या घरी आल्यापासून सात वर्षांची काव्या दिवा लावूनच झोपायची. बाल्कनीच्या काचेत हिरव्या नऊवारीतली एक आंटी उभी असते, म्हणायची. तिची ताई मुग्धा दहावीत. यंदा पहिल्यांदाच स्टेजवर बोलायला मिळणार, म्हणून स्वारी नुसती हवेत होती. काव्याची भीती आपल्याच नाटकाने घालवायची, असं तिने ठरवूनच टाकलं.

तिथल्या मराठी मंडळाच्या विज्ञानदिनाला ती एकोणिसाव्या शतकातली गंमत करणार होती. तेव्हा लंडनात लोकांना प्रकाशाचे नियम शिकवायला चक्क रंगमंचावर भूत आणायचे. भली मोठी काच तिरपी उभी करायची आणि विंगेत लपलेल्या माणसावर झगझगीत दिवा सोडायचा. प्रेक्षकांना काच दिसत नाही, त्या माणसाचं प्रतिबिंब तेवढं हवेत तरंगताना दिसतं. दिवा घालवला की भूत खलास.

भूत व्हायला आई तयार झाली. काव्याची आंटी नेसते तशीच हिरवी नऊवारी ठरली.

तालमीत एक घोळ झाला. काचेत डावं-उजवं उलटतं, त्यामुळे पदर उजव्या खांद्यावर दिसला.

"आई, शनिवारी मुद्दाम उजव्या खांद्यावर घे हं, म्हणजे काचेत नीट दिसेल," मुग्धाने बजावलं. "नाहीतर मंडळातल्या काकवा भूत सोडून पदरावरच बोलत बसतील."

शनिवारी दुपारी हॉलवर जाताना शारजाच्या ट्रॅफिकने जीव काढला. तिसरी घंटा झाली तरी आई विंगेत पिनाच लावत होती.

मुग्धा एकदाही अडखळली नाही. दिवा लागला. काचेमागे हिरवी नऊवारी उमटली. पदर अगदी बरोबर, डाव्या खांद्यावर. टाळ्यांनी हॉल दणाणला. पहिल्या रांगेतल्या काव्याचे हात मात्र मांडीवरच होते.

पडदा पडताच मुग्धा विंगेत धावली.

"रागावू नकोस गं," आई म्हणाली. "घाईत सवयीने डावीकडेच घेतला. फार वाईट दिसलं का?"

मुग्धाने पाहिलं. पदर डाव्याच खांद्यावर होता, पिन लावलेला.

म्हणजे काचेत तो उजव्या खांद्यावर दिसायला हवा होता.



गाडीत काव्याने एवढंच विचारलं, दिवा घालवला की ती नक्की जाते ना? मुग्धा हो म्हणाली.

घरी पोचल्या तेव्हा मगरिबची, तिन्हीसांजेची अजान चालू होती. आईने दिवा लावला. काव्या चपला न काढताच आत गेली, दिव्याचं बटण बंद केलं आणि बाल्कनीच्या काचेकडे बघत राहिली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "लाइट इज ऑफ. शी इज स्टिल हिअर."