ओट्यावरचा दिवा

कराडच्या विद्युत-संजीवन प्रयोगशाळेच्या आवारात खानविलकर दांपत्याचं चाकघर, म्हणजे राहतं घर केलेली गाडी, उभं होतं आणि आत टेबलावर त्याची बॅटरी पडली होती. सत्तावीस किलोचं बारा व्होल्टचं धूड, पण डॉ. कालिंदी आठल्येंनी मापकाच्या तारा टेकवल्या तेव्हा आकडा आला एक पूर्णांक नऊ. चार्जर जोडला, तर त्याने लाल डोळा दाखवला आणि तो गप्प बसला.

"हे नवे चार्जर फार शहाणे," कालिंदी म्हणाली. "समोर निदान दहा व्होल्ट दिसल्याशिवाय प्रवाहच सोडत नाहीत. मेलेल्याला कशाला पाजा, असं त्यांचं म्हणणं."

दिनकरराव हसले नाहीत. छत्तीस वर्षं मोटारींच्या वर्कशॉपात फोरमनकी केलेल्या माणसाला स्वतःच मारलेल्या बॅटरीसमोर बसावं लागणं, यापरती नामुष्की नव्हती. शेजारी त्यांच्या पत्नी इंदुमतीबाई, वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक, पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. गेले सात महिने त्या नवऱ्याशी बोलत होत्या, पण औषध घेतलंत का आणि पोळी वाढू का, एवढंच.

सहा वर्षांपूर्वी काळमर आला. हवेतून पसरणाऱ्या या रोगाने कोकणापासून जळगावपर्यंत केळीचं एक हिरवं पान ठेवलं नाही. निरोगी रोपं उरली ती इंदुमतीबाईंच्या एकशेचाळीस काचेच्या बरण्यांत. रोगाचे जंतू उंच, कोरड्या हवेत जगत नाहीत, म्हणून नवराबायकोने चाकघरात उबपेटी बसवली, बरण्या तिच्यात बंद केल्या आणि ते स्पितीतल्या तांगलुंग गावी जाऊन राहिले. मागच्या ऑक्टोबरात इंदुमतीबाईंची छाती भरली. हेलिकॉप्टर आलं, थांबलं चार मिनिटं. दिनकररावांनी बायकोला रजईत गुंडाळून बाहेर नेलं, दाराला कुलूप घातलं, आणि दुसऱ्या दिवशी बर्फाने रस्ता बंद झाला. गावचं मोबाइलचं नेटवर्कही त्याच वादळात पडलं. मे महिन्यात रस्ता मोकळा झाल्यावर ट्रकवाल्यांनी गाडी उचलून आणली. बॅटरी मेलेली होती.

"उबपेटी उघडून बघता येत नाही?" कालिंदीने विचारलं.

"उघडली की इथली हवा आत गेली, म्हणजे काळमर आत गेला," इंदुमतीबाई म्हणाल्या. "ती फक्त निर्जंतुक कक्षात उघडायची. देशात तसा कक्ष एकच, आणि बियाणे समिती म्हणते, हिवाळाभर पेटी ऊबदार होती याचा पुरावा आणा. नाहीतर उद्या दुपारी बारा वाजता पेटी बंदच्या बंद भट्टीत. रोपं गोठून कुजली असतील तर त्यांच्यात नवं काहीतरी पोसलं जाईल, ही त्यांची भीती. चूक नाही त्यांचं."

"तुमचा अंदाज काय?"

"यांचा अंदाज विचारा. दिवा बंद केला होता की नाही, ते यांनाच ठाऊक."

दिनकरराव खाली बघत म्हणाले, "केला होता."

चाकघरातल्या स्वयंपाकाच्या ओट्यावरचा तीन वॅटचा दिवा. एवढासा, पण छतावरच्या सौरपट्टीवर बर्फ साचल्यावर त्या दिव्याने आणि उबपेटीने मिळून बॅटरी तीन-चार दिवसांत शोषून घेतली असती, आणि पुढे उणे पंचवीस अंशांत बरण्यांचं काय झालं असतं हे शाळकरी पोरालाही कळलं असतं.

कालिंदीने एक धडधाकट बॅटरी शेजारी आणून जोडली. दोन्ही मिळून साडेदहा व्होल्ट दिसले आणि शहाण्या यंत्रांची समजूत पटली. मग तिने आपला स्फटिकवाचक पुढे ओढला.

"बॅटरी वीज देते तेव्हा तिच्या शिशाच्या पत्र्यांवर क्षाराचे बारीक स्फटिक धरतात. चार्ज केलं की विरघळतात, पण सगळे नाही. रोज पापुद्र्याएवढा थर मागे राहतो. खोडात वर्षाचं वलय असतं ना बाई, तसं इथे दिवसाचं."

"आणि नुसती रिकामी पडून राहिली तर?"

"तर स्फटिक वाढत जाऊन दगड होतात. हा वाचक हलके ठोके देत वरून एकेक थर विरघळवतो, आणि विरघळताना मोजतो. किती वीज गेली, किती आली, केव्हा. बॅटरी जिवंत होता होता आपली रोजनिशी वाचून दाखवते. पण एकदाच. वाचलेलं पान पुसलं जातं."

तिने बटण दाबलं. दिनकररावांना केळी वाचण्याची आशा होतीच. पण आपण दिवा चालू ठेवला होता की नाही, तेही आता पडद्यावर येणार होतं.

वेळ जावा म्हणून त्यांनी बॅटरीच्या कवचावरून हात फिरवला. चारी कोपरे, तळ, शिवण. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पोरी, ही फुटली कशी नाही?"

"म्हणजे?"

"भरलेल्या बॅटरीतलं आम्ल गोठत नाही. रिकामीत नुसतं पाणीच राहतं की. उणे पंचवीसला त्याचा बर्फ होऊन कवच तडकतं. मनालीकडनं आलेल्या ट्रकांच्या अशा कितीतरी बॅटऱ्या फेकल्यात मी. हिला एक चीर नाही." ते थांबले. सात महिने अपराधाच्या ओझ्याखाली त्यांनी मेकॅनिकसारखा विचारच केला नव्हता.

कालिंदी पडद्याकडेच बघत होती. "बरोबर आहे काका. वरचा थर साखरेसारखा सुटला. ही रिकामी होऊन फक्त सहा दिवस झालेत. आणि त्याखाली... ही बघा वलयं. एक, दोन, पाच... दोनशे चार. रोज भरलीय, रोज वापरलीय."

इंदुमतीबाई उठून उभ्या राहिल्या. "म्हणजे उबपेटी चालू होती?"

"सबंध हिवाळा. आणि तिच्यासोबत आणखी तीन वॅट. दिवसरात्र, एकाही दिवसाचा खंड नाही."

दिनकररावांनी चष्मा काढला.

"ओट्यावरचा दिवा," ते म्हणाले. "राहिलाच चालू. तुझा श्वास लागला होता गं. मागं वळून बघितलंच नाही मी."

"मग सात महिने केला होता, केला होता, असं का म्हणत होतात?"

"केला असेलच, असं स्वतःला सांगत होतो. न केलेला सोसवत नव्हता."

इंदुमतीबाई खुर्ची त्यांच्याजवळ सरकवून बसल्या.

"सहा दिवसांपूर्वी काय झालं मग?" कालिंदीने विचारलं.

दिनकररावांचा चेहरा पडला. "गाडी ट्रकावर होती. मीच फोनवर सांगितलं, ताडपत्री चारी बाजूंनी आवळून बांधा, काचेला ओरखडा नको. सौरपट्टी झाकली गेली. तीन दिवसांत बॅटरी बसली असणार."

"केळीचं रोप सहा दिवस अंधारात मरत नाही," इंदुमतीबाई घाईने म्हणाल्या. "इथल्या उकाड्यातही नाही. पण कालिंदी, बर्फाचं काय? तिथे कमरेएवढा पडतो. सौरपट्टी भरत कशी होती?"

"तेच बघतेय. बर्फ उन्हाने वितळला असता तर वीज हळूहळू वाढली असती. इथे बर्फ पडलेल्या प्रत्येक दिवशी सकाळी शून्य, आणि नऊच्या सुमाराला एकदम उडी. बाई, कोणीतरी झाडून काढत होतं."

तांगलुंगचं नेटवर्क या आठवड्यातच पुन्हा लागलं होतं. इंदुमतीबाईंनी समोरच्या घरातल्या आंगमोला फोन लावला. पलीकडून आधी शिव्याच आल्या: आम्ही जनावरं घेऊन वर गेलो होतो, तेवढ्यात न सांगता घर उचलून नेलंत! मग तब्येतीची चौकशी झाली. मग इंदुमतीबाईंनी बर्फाचं विचारलं, आणि आंगमोचं हिंदी सगळ्यांना ऐकू जावं म्हणून फोन टेबलावर ठेवला.

बर्फ पडला की आमच्याकडे सकाळी सगळी छतं झाडतात, ती सांगत होती. मातीची छतं, बर्फ राहिला तर गळतात. शेजारी घरात नसेल तर त्याचंही झाडायचं, शिडी लावायची आणि झाडायचं. तुमचं छत लोखंडाचं; पण घर ते घर.

"पण आम्ही नाही हे तर तुला माहीत होतं," इंदुमतीबाई म्हणाल्या. "कुलूप घालून गेलेलो आम्ही."

"दिवा लागलेला होता ना," आंगमो म्हणाली. "खिडकीतून रोज दिसायचा. दिवा ठेवून गेलेला माणूस परत येतो. अंधारी असती तर गाडी समजून सोडून दिली असती. गाडीवरचा बर्फ कोण झाडतं?"

छतावर काचेची पट्टी आहे हे तिला माहीत होतं. ती कशासाठी आहे, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

दुपारी कालिंदीने वाचन समितीकडे पाठवलं. चार वाजता उत्तर आलं: निर्जंतुक कक्ष, उद्या सकाळी दहा. इंदुमतीबाईंनी ते दोनदा वाचून घेतलं, मग पदराने डोळे पुसले आणि पदर खोचून निघायच्या तयारीला लागल्या.

बॅटरी बारा पूर्णांक सहावर आली होती. दिनकररावांनी कोणाला हात लावू दिला नाही. स्वतः उचलून ती चाकघरात नेली, पान्याने एक तार घट्ट आवळली, दुसरी टेकवली, आणि तत्क्षणी ओट्यावर पिवळा उजेड पडला. बटण ऑक्टोबरात होतं तसंच होतं. त्यांचा हात सवयीने तिकडे गेला.

"असू दे हो," दारातून इंदुमतीबाई म्हणाल्या. "चला, आधी चहा घेऊ."