टॉपरचं मीटर

आमची भेट झाली ती तपासणीच्या बाकावर, कोपराच्या खळीत कापसाचा बोळा दाबून. प्रेमाची सुरुवात अशी होते का कुठे? पण माझ्या नशिबात बाकच होता, त्याला मी काय करू!

उपाशीपोटी एकदा रक्त द्यायचं, मग खाऊन यायचं आणि दोन तासांनी पुन्हा द्यायचं. हे दोन तास म्हणजे माझी लबाडीची वेळ. डॉक्टरबाईंना फोनमधलं साखरेचं ॲप दाखवावं लागायचं. रोज बोट टोचून मीटरवर जो आकडा येईल तो त्यात भरायचा, एवढंच काम. टोचायची मी रोज. पण मीटरवर २८७ दिसले, की तो आकडा ॲपमध्ये घालायला हातच धजायचा नाही. घातला की भोवती लाल गोल. परीक्षेत नापास केल्यासारखा! मग तीन महिन्यांचे सगळे आकडे मी त्या बाकावर बसून धडाधड भरायची. ११२... १०८... १२१... मध्येच एखादा १४५, खरं वाटावं म्हणून.

गंमत बघा – मी कपडे शिवते. गिऱ्हाइकाच्या मापात अर्धा इंच चुकला तर मला जेवण जात नाही. आणि स्वतःचे आकडे असे!

"अरे बाप रे... सगळं हिरवं?"

मी दचकून वर पाहिलं. शेजारी एक उंच माणूस, त्याच्याही हातावर कापूस. डोळे माझ्या फोनवर, आणि शर्टाचं दुसरं बटण एका दोऱ्यावर लोंबकळत होतं. मला आधी बटणच दिसलं. सवय!

"दुसऱ्याच्या फोनमध्ये बघतात का असं?" मी म्हटलं.

"चुकलो. पण माझं बघा ना." त्याने आपला फोन पुढे केला. "दोन महिने झालेत साखर निघून. हे सगळं लाल. आणि मी दिवसभर लोकांना काय शिकवतो माहितीये? लाल दिसलं की थांबा!"

तो गाडी चालवायला शिकवायचा. मला हसू आवरेना.

"तुम्ही टॉपर आहात," तो म्हणाला. "मी तुम्हाला टॉपरच म्हणणार."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण अठराव्या वर्षी मला साखर निघाली, तेव्हा आई पहिलं वाक्य बोलली होती – "कुणाला सांगू नकोस हं." त्यानंतर ज्यांना कळलं त्यांनी कीवच केली. आणि हा माणूस माझ्याकडे चक्क कौतुकाने बघत होता... मी टॉपर म्हणवून घेतलं. त्याने नंबर मागितला, तोही दिला.

डॉक्टरबाईंनी मात्र एकदा ॲप पाहिलं, एकदा रक्ताचा रिपोर्ट, आणि मग चष्म्यावरून मला. "ॲप फारच सुरेख आहे. पुढच्या वेळी मीटर घेऊन या. त्याला सगळं आठवत असतं."

माझे कान तापले.

चार दिवसांनी तो माझ्या शिवणाच्या दुकानात हजर. हातात शर्ट, मुठीत बटण.

"अखेर पडलं."

"पडणारच होतं. मी बाकावरच बघितलं होतं."

"म्हणजे तुम्हीही बघत होतात तर!"

कोपऱ्यात तुरपाई करत बसलेली आई खोकली. तो गेल्यावर म्हणाली, "एका बटणाला पंचवीस मिनिटं? दोरा कुठून, विहिरीतून काढत होतीस का गं?"

मग रोज सकाळी मेसेज सुरू झाले.

'मास्तर २१०. टॉपर?'

'११४.'

'या ११४ला काय खाऊ घालता हो?'

'सांगितलं तर माझा पहिला नंबर जाईल ना...'

लिहिताना मीटर माझ्या समोर असायचं. त्यावर २६३. मी ते उलटं करून ठेवायची.

एकदा तो शर्टाचं माप द्यायला आला. छाती साडेअडतीस. टेप मी त्याच्या पाठीमागून पुढे घेतली. तो अजिबात हलला नाही – श्वाससुद्धा रोखलेला.

"श्वास सोडा, नाहीतर शर्ट घट्ट होईल," मी म्हटलं.

"सोडला तर तुम्ही टेप काढाल."

इश्श! मी वही उघडून आकडा लिहायला लागले. तेवढ्यात त्याने हळूच विचारलं, "खरं सांगा, तुम्हाला हे जमतं कसं? मी पथ्य करतो, चालतो, इंजेक्शन चुकवत नाही. तरी लाल ते लालच. माझंच काहीतरी चुकतंय."

"शिस्त लागते," मी म्हटलं. शिस्त म्हणे! माझी जीभ झडली कशी नाही?

पुढच्या आठवड्यात भर दुपारी त्याच्या नंबरवरून फोन आला. आवाज मात्र एका बाईंचा. "तुम्हीच टॉपर ना? फोनमध्ये सगळ्यात वर तुमचंच नाव आहे. मी मास्तरांची विद्यार्थिनी. त्यांना दरदरून घाम फुटलाय, बोलणंही धड नाही. म्हणतात, साखर उतरलीय."

"गोड काहीतरी द्या आधी! सरबत, ग्लुकोज, जे असेल ते!" कुठे ते विचारलं, कात्री टाकली, पर्स उचलली आणि धावत सुटले.

दोन रस्ते पलीकडे गाडी फुटपाथला तिरकी टेकलेली. तो एका दुकानाच्या पायरीवर, हातात अर्धी संपलेली थंड पेयाची बाटली. बाई सारख्या सांगत होत्या, "मीच दाबला ब्रेक! आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर दाबला!"

त्याचं मीटर पायरीवर पडलं होतं. ५२.

मला पाहून तो हसायचा प्रयत्न करत होता. "चार दिवस झाले... इंजेक्शनचा डोस थोडा वाढवला. मनानेच. तुमच्यासारखं हिरवं यायला हवं होतं. आलं की तुम्हाला दाखवणार होतो."

धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं मला. गाडीत त्या बाई होत्या, समोर वाहता रस्ता होता. माझ्या एका खोट्यापायी कुणाचाही जीव गेला असता. त्याचाच गेला असता...

बाटली रिकामी झाली, त्याच्या ओठांवर रंग आला, पुन्हा टोचल्यावर ९४ आले. तेव्हा मी पर्समधून माझं मीटर काढलं आणि त्याच्या हातात ठेवलं.

"मागे मागे जा. सगळे आकडे वाच." मी कधी 'तू'वर आले, माझं मलाच कळलं नाही.

तो बटण दाबत गेला. २६३. ३०४. ६१. २८७. २४९.

"हे... कुणाचं?"

"माझं. ॲपमधलं सगळं खोटं आहे. मी बसून बनवते. मला लाज वाटते रे. साखरेची वाटते, लालची वाटते... आणि तू टॉपर म्हणालास ते फार आवडलं."

त्याने मीटर बंद केलं. "मी इतके दिवस स्वतःला नालायक समजत होतो," तो म्हणाला. मीटर माझ्या हातात परत दिलं. "आज नको बोलूया."

त्या बाईंनी त्याला रिक्षाने डॉक्टरबाईंकडे नेलं. मी तिथेच उभी राहिले, गळ्यात टेप तशीच लटकत होती.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी मी ॲपमधले सगळे हिरवे आकडे पुसले आणि मीटरमधले खरे, एकेक करून भरले. लालच लाल. तो फोन घेऊन मी स्वतःहून डॉक्टरबाईंकडे गेले. मान वर होत नव्हती. त्या मात्र खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "चला, आता उपचार करता येतील." आईलाही सांगितलं. ती म्हणाली, "माझ्याच तोंडून गेलं होतं ना ते, कुणाला सांगू नकोस म्हणून..." आणि कितीतरी वेळ सुईत दोरा ओवत राहिली.

त्याला मी सगळा लाल आलेख पाठवला. उत्तर आलं नाही. नऊ दिवस.

दहाव्या दिवशी तो दारात उभा. तोच शर्ट, दुसरं बटण गायब.

"पुन्हा पडलं," तो म्हणाला.

मी शर्ट जवळ घेऊन पाहिला. बटण मीच लावलं होतं, दोऱ्याला चार वेढे देऊन. माझं बटण पडत नाही. आणि दोऱ्याची टोकं अगदी सरळ होती.

"हे पडलेलं नाही. कात्रीने कापलंय."

"हो."

"मग खोटं का बोललास?"

"यायला कारण नव्हतं... आणि लाज वाटत होती." तो पहिल्यांदा नजरेला नजर देऊन बघत होता. "रागावलो होतो फार. पण रोज सकाळी टोचलं की पहिली तुझीच आठवण यायची. आवडतेस तू मला. हिरवी, लाल, कशीही."

कोपऱ्यातून आईने सुई-दोरा माझ्याकडे सरकवला आणि आत पाणी प्यायला निघून गेली. तिला तहान लागली नव्हती, हे आम्हा दोघांनाही कळलं.

"तूही मला," मी म्हटलं. कसंबसं. "पण आधी हे बघ." ॲपमध्ये एक रकाना होता – साखर उतरली तर कुणाला कळवायचं? सात वर्षं मी तो रिकामा ठेवला होता.

त्याने माझा फोन घेतला, स्वतःचा नंबर घातला. मग स्वतःच्या फोनमध्ये माझा. आणि विचारलं, "आज किती?"

बोट अजून दुखत होतं. मी मीटर सुलटं करून त्याच्यासमोर ठेवलं.

"दोनशे त्रेचाळीस."

"माझे एकशे अठ्ठ्याण्णव," तो म्हणाला. "टॉपर, आज पहिला नंबर माझा."