कोंडसरीचा चौथा रकाना

साताऱ्याच्या भूस्खलन सूचना केंद्रात सह्याद्रीचे दोनशे बारा डोंगर दर सेकंदाला हजेरी देत, आणि ती हजेरी नीट लिहिली जाते की नाही हे पाहणं नलिनी उगलेचं काम होतं. लग्नाकार्यात कुणी विचारलं, ‘काय करता हो तुम्ही?’ तर ती ‘फाईली भरते’ एवढंच सांगायची. ऐकणाऱ्याला वाटे, बाई तलाठी कचेरीत असाव्यात. तिला ते चालत असे. बावीस वर्षांत एकाही डोंगराची एका तासाची फाईलसुद्धा कोरी राहिली नव्हती, आणि याचा तिला जो अभिमान होता तो लोकांना समजावून सांगण्याच्या भानगडीत ती पडत नसे.

काम वरवर सोपं दिसे. डोंगरावर सिमेंटचा खांब, खांबावर पांढऱ्या घुमटाखाली अँटेना, आणि आकाशात तीस-चाळीस उपग्रह. उपग्रहाचा संकेत अँटेनापर्यंत यायला किती वेळ लागला यावरून अंतर निघतं, आणि अशी अनेक अंतरं जुळवली की अँटेना नेमकी कुठे आहे ते मिलिमीटरपर्यंत कळतं. अँटेना सरकली म्हणजे डोंगर सरकला. नोंद-सॉफ्टवेअर हे सगळं फाईलमध्ये उतरवायचं. दर सेकंदाला प्रत्येक उपग्रहाची एक ओळ, आणि ओळीत चार रकाने. पहिल्यात उपग्रहाचं नाव, दुसऱ्यात अंतर, तिसऱ्यात लहरींची बारीक मोजणी आणि चौथ्यात संकेतबळ, म्हणजे संकेत किती जोरकस पोचला ते. या फाईलींवर ‘प्रहरी’ नावाची संगणक-यंत्रणा नजर ठेवी. दहा मिलिमीटरच्या वर सरक दिसली की डोंगराखालच्या गावात भोंगा वाजे.

कोंडसरी गावातला भोंगा दोन वर्षं लागोपाठ वाजला, तोही दसऱ्याच्या दिवशी. पहिल्या वर्षी तीनशे चाळीस माणसं पुरणपोळ्या तव्यावर टाकून पलीकडच्या माळावर पळाली, दोन दिवस तिथे राहिली आणि डोंगर जागच्या जागी पाहून शिव्या देत परतली. दुसऱ्या वर्षी भोंगा वाजताच नलिनीनं जीप काढली आणि ती थेट डोंगरावर गेली. अँटेनाच्या घुमटावर हातभर जाडीची, पाण्याने निथळणारी झेंडूची माळ होती. खाली हळदकुंकू आणि फोडलेला नारळ. शेजारी या ठाण्याचे, म्हणजे खांब-अँटेनाचे, राखणदार ज्ञानू शेलार, म्हणजे सगळ्यांचे तात्या, हात जोडून उभे होते.

“तात्या, ही माळ कुणी घातली?”

“मीच की. दसऱ्याला हत्याराची पूजा करायची न्हाई तर कवा करायची? गेल्या साली बी घातली हुती. गावाला राखतंय ते, त्याला दोन फुलं नगं व्हय?”

नलिनी थकलेली होती, खालून गावाच्या शिव्या ऐकून आली होती. ती नको तेवढं बोलली. “तुमच्या या फुलांमुळे गाव दोनदा पळालं! फुलांत पाणी असतं. पाण्यातून जाताना संकेत रेंगाळतो. पाहुणा वाटेत चहाला थांबला आणि आपण समजलो की त्याचं गावच लांब आहे, तसं होतं इथं. संकेताला उशीर झाला की यंत्राला वाटतं, डोंगर हलला.”

तात्यांनी माळ उतरवली. “म्हंजी वल्लं फूल चालत न्हाई तुमच्या देवाला,” एवढंच म्हणाले. “बगतो काय करायचं ते.” त्या वर्षी गावानं त्यांना फार छळलं. ‘तात्याच्या माळंनं गाव पळवलं’ ही गोष्ट पारावर वर्षभर पुरली. नलिनीला ते कळलं तेव्हा आपल्या जिभेची तिला लाज वाटली.

केंद्रात परतल्यावर तिनं दोन्ही दसऱ्यांच्या फाईली उघडल्या आणि कुणीच न वाचणारा चौथा रकाना वाचला. माळ असताना संकेतबळ अठ्ठेचाळीसवरून एक्केचाळीसवर आलं होतं. माळ काढताच ते पुन्हा अठ्ठेचाळीसवर गेलं. माळ फाईलमध्ये दिसत होती! तिला लहान मुलीसारखा आनंद झाला.

केंद्राचे संचालक डॉ. फडतरे यांना तेवढा झाला नाही. माणूस सरळ होता, पण दुधानं पोळलेला. जिल्ह्यातून त्यांना तंबी आली होती की तिसऱ्यांदा गाव उगीच पळालं तर कोंडसरीचा भोंगाच काढून नेऊ.

“आता दोन सेटिंग बदलायची,” ते म्हणाले. “एक, प्रहरीला सण-सूट द्यायची. दसऱ्याला वीस मिलिमीटरपर्यंतची सरक ही माळ समजून सोडून द्यायची.”

“आणि डोंगर खरंच दसऱ्यालाच सरकला तर?”

“तीनशे पासष्ट दिवसांत नेमका तोच दिवस निवडेल का तो? आणि दुसरं, सर्व्हर भरत आलाय. चौथा रकाना सगळीकडे बंद करा. अँटेनाची जागा ठरवायला तो लागत नाही.”

“सर, तो माळ दाखवतो.”

“माळ फोटोतही दिसते, नलिनीताई. ठाण्यावर आता कॅमेरा बसवलाय, तो रोज अकराला फोटो पाठवतो. फुलं पाहायला उपग्रह कशाला हवेत?”

नलिनीनं सण-सूट स्वतःच्या हातानं टाईप केली. दोनशे अकरा ठाण्यांवर चौथा रकाना बंद केला. कोंडसरीपाशी मात्र तिचा हात थांबला. नोंद-सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फाईलच्या माथ्यावर शेरा लिहायला एक ओळ असते. तिथे तिनं लिहिलं: ‘संकेतबळ चालू ठेवले आहे. कारण: माळ. — न. उगले.’ चोरून काही ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. फडतऱ्यांनी शेरा वाचला आणि हसून सोडून दिला. “कोंड्याचा मांडा करायची तुमची सवय जायची नाही.”

तिसऱ्या वर्षी परतीचा पाऊस आठ दिवस कोसळला आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी थांबला. दसऱ्याला कडक ऊन पडलं. केंद्राला सुट्टी होती, तरी नलिनी सकाळी आठला येऊन बसली. सूट आपण दिली, तर पहाराही आपणच द्यायचा, असा तिचा साधा हिशेब होता.

नऊनंतर कोंडसरीची अँटेना सरकू लागली. दहाला पाच मिलिमीटर, साडेदहाला नऊ, अकराला तेरा. प्रहरी शांत होता. पडद्याच्या कोपऱ्यात तिचेच दोन शब्द हिरव्या अक्षरांत उमटले होते: ‘सण-सूट लागू’.

तिनं तात्यांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. शिलंगणाला गेलेला माणूस कसला फोन उचलतोय! मग तिनं फडतऱ्यांना बोलावलं. ते कडक इस्त्रीच्या कुडत्यात, खिशात आपट्याची पानं घेऊन आले, तोवर अकराचा फोटो आला होता. पांढऱ्या घुमटावर केशरी झेंडूची माळ ऐटीत बसलेली.

“आहे माळ,” फडतऱ्यांनी सुस्कारा सोडला. “तात्या सुधारायचे नाहीत. चला, घरी जाऊ.”

“थांबा सर. फोटोत माळ आहे. फाईलमध्ये नाही.”

“म्हणजे?”

तिनं तीन वर्षांच्या तीन फाईली शेजारी शेजारी लावल्या. “पहिल्या वर्षी सरक दिसली आणि बळ सातनं पडलं. दुसऱ्या वर्षीही तसंच. आज सरक आहे, पण बळ अठ्ठेचाळीसला अठ्ठेचाळीस. पाव आकडासुद्धा हललेला नाही. माळ संकेताला अडवत असेल तर तो उशिराही पोचायला हवा आणि थकूनही पोचायला हवा. हा थकलेला नाही.”

“पण माळ समोर दिसतेय!”

“दिसतेय. तिच्यात पाणी नाही.”

“बिनपाण्याची फुलं असतात का कुठे?”

“ते मला माहीत नाही, सर. काय आहे ते, मी सांगू शकत नाही. ओलं काही नाही एवढं सांगू शकते. ओलं नाही म्हणजे अडथळा नाही. अडथळा नाही म्हणजे अँटेना खरोखर सरकली. आणि अँटेना सिमेंटच्या खांबावर आहे, खांब डोंगरात आहे.”

फडतरे खुर्चीत बसले. आकडा पंधरा झाला.

“नलिनीताई, तुम्ही चुकलात तर भोंगा जाईल. लांडगा आला रे आला, तिसऱ्यांदा. मग खरा लांडगा येईल त्या दिवशी गावाला कोण सांगणार?”

भीती तिलाही वाटत होती. तीनशे चाळीस माणसं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला एक रकाना, जो तिच्या हट्टापायी शिल्लक राहिला होता. पण तो तिनं स्वतः भरला होता. रोज, दर तासाला, न चुकता. तो खोटं बोलणार नाही, हे तिला स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं.

“बावीस वर्षं मी या फाईली भरतेय, सर. डोळ्यांनी दिसलेलं आणि फाईलीत लिहिलेलं जुळत नसेल, तर मी फाईलीवर विश्वास ठेवते. सूट उठवायच्या आदेशावर माझी सही घाला. एकटीची.”

फडतऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. “एकटीची कशाला? केंद्र काय तुमच्या एकटीचं आहे?” त्यांनी आदेश उघडला, तिच्या नावाखाली आपलं नाव लिहिलं आणि सूट उठवली. अकरा वाजून चोवीस मिनिटांनी कोंडसरीत भोंगा वाजला.

त्यानंतरचे तीन तास नलिनीच्या आयुष्यातले सर्वांत लांब तास होते. गाव निघालं की नाही, हे एक वाजेपर्यंत कळेना. मग पोलीसपाटलांचा निरोप आला, माळावर सगळे पोचले, मोजले, तीनशे चाळीस. दोनला सरक दोनशे मिलिमीटर झाली. तेव्हा कुणाला काही समजावून सांगायची गरज उरली नव्हती. दोन वाजून सोळा मिनिटं सात सेकंदांनी कोंडसरीची फाईल एका ओळीच्या मध्यावर तुटली. तिसरा रकाना अर्धा होता, चौथा यायचाच होता. बावीस वर्षांतली तिची पहिली अपुरी फाईल. डोंगराची पश्चिम बाजू, खांब, घुमट आणि माळ घेऊन, अर्ध्या गावावर बसली होती.

दुसऱ्या दिवशी ती आणि फडतरे शेजारच्या गावच्या शाळेत गेले. कोंडसरी तिथे उतरली होती. बाया चुलींवर भात शिजवत होत्या, रडतही होत्या. घरं गेली होती, गुरं मात्र बरीचशी वाचली होती. तात्या व्हरांड्यात बसले होते. नलिनीला पाहून उठले.

“तात्या, आधी मला सांगा, ती माळ कसली होती?”

तात्या कधी नव्हे ते लाजले. “लोकरीची. आमच्या हिनं इनली.” त्यांनी मागे बसलेल्या हौसाक्कांकडे बोट केलं. “गेल्या साली तुमी म्हनला, वल्लं फूल चालत न्हाई. मग बिनपुजेचं ठेवायचं का त्याला? ही म्हनली, दाराला लोकरीचं तोरण लावत्यात, तशी माळ करू. तीन म्हैनं बसली हुती सुई घिऊन. काल ऊन बघून, कोरडी ठणठणीत घातली बगा.”

फडतरे भिंतीला टेकले. ज्या माणसाला तिनं डोंगरावर उभं करून झापलं होतं, तो तिचं सांगणं वर्षभर सांभाळत आला होता, केंद्रातल्या कुठल्याही तज्ज्ञापेक्षा नीट.

“आणि गाव निघालं कसं?” फडतऱ्यांनी विचारलं. “दोनदा फसलेलं गाव!”

“कुटलं निगतंय! भोंगा झाला तसं समदी हसाय लागली. म्हनली, तात्या, घातलीस का पुन्यांदा माळ? म्या मातूर न्हाई हसलो. कारन माळ लोकरीची हाय हे म्या आन् हिनं सोडून कुनाला म्हाईत? लोकरीला भोंगा वाजत न्हाई. मग वाजला कशानं? म्या वरडलो, आरं, ह्या बारीला माळ न्हवं, डोंगर हाय! हिला फुडं घातलं, पोरीबाळी काडल्या. मी पळतोय म्हनल्यावर मग समदी पळाली.”

ठाण्याचा राखणदार आणि नोंदीची बाई, साठ मैलांवर, एकमेकांशी न बोलता, एकाच गोष्टीवरून एकाच निष्कर्षाला आले होते. नलिनीचे डोळे भरले आणि तिनं ते पुसले नाहीत.

“नलिनीताई,” फडतरे हळूच म्हणाले, “उद्या दोनशे अकराही ठाण्यांवर चौथा रकाना चालू करा. शेरा तोच लिहा. आणि ती सूट माझ्या हातानं पुसायचीय.”

मागून हौसाक्का पुढे आल्या. त्यांच्या बोटांना सुईचे घट्टे होते. “ताई, म्या येवढी इनली. तुमच्या फायलीत दिसली का वो माझी माळ?”

“नाही दिसली, आक्का,” नलिनी म्हणाली. “एका ओळीतसुद्धा नाही. म्हणून तर गाव वाचलं.”

हौसाक्कांना ते क्षणभर कळलं नाही. तात्यांना कळलं. ते व्हरांड्याच्या पायरीवर ताठ उभे राहिले, मुंडासं सारखं केलं आणि चुलींपाशी बसलेल्या साऱ्या कोंडसरीला ऐकू जाईल असे ओरडले, “ऐकलं का रं समद्यांनी? आमच्या हिची माळ फायलीत दिसली न्हाई!”