साईनाथचं घड्याळ

शहापूरच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत माग आणि मधल्या खोलीत साईनाथचा कॉम्प्युटर. साड्यांच्या काठांची नक्षी तो त्यावर काढायचा. आपण उठल्यावर कुणी नक्षी उचलू नये म्हणून त्यानं हातातलं स्मार्ट घड्याळ कॉम्प्युटरला जोडलं होतं. घड्याळ जवळ आलं की स्क्रीन उघडायचा, लांब गेलं की आपोआप लॉक.

पावसाळ्यात निपाणीच्या पलीकडून परतताना वेदगंगेच्या पुलावरून त्याची गाडी खाली गेली. साईनाथ सापडला. मनगटावर घड्याळ नव्हतं.

तेरावं उरकल्यावर व्यापाऱ्यानं अर्धा राहिलेला काठ मागितला. मी त्याची धाकटी बहीण. उद्यमबागेतल्या कारखान्यात कॉम्प्युटरचंच काम बघते. पासवर्ड मला ठाऊक नव्हता. निदान डिस्क काढून घ्यावी म्हणून सकाळी खोलीत गेले. आई शेजारी पाटावर वाती वळत बसली होती. स्क्रीन उघडा होता.

"आई, कुणी उघडलं हे?"

"कुणी न्हाय गं. आपोआप उघडतंय."

ती चहा टाकायला उठली. स्क्रीन लॉक झाला. परत येऊन बसली, तसा उघडला.

मी तिचा पदर, कनवटी, बटवा, उशी, सगळं चाचपलं. ती मुकाट्यानं चाचपू देत होती. घड्याळ नव्हतं. असतं तरी बॅटरी कधीच संपली असती.

तिला परसात पाठवलं. लॉक. हाक मारून बोलावलं. उघडा.

"पुरे की गं," आई म्हणाली. "पोराला किती पळवशील?"

काठ पेनड्राइव्हवर घेतला आणि जोडलेल्या वस्तूंमधून ते घड्याळ काढून टाकलं. आई बघत होती.

जरा हवापालट व्हावा म्हणून दुपारी तिला कडोलीला अंजनी मावशीकडं सोडायला निघाले. रिक्षात आम्ही दोघीच. तरी आई एका कडेला अंग चोरून बसली होती. आमच्या मधे एका माणसाची जागा रिकामी होती.

दिवेलागणीला मावशीचा फोन आला.

"मंजू, आमच्या टीव्हीवर काय तर आलंय बघ. साईनाथचं घड्याळ जवळ हाय, जोडायचं काय, म्हणून इचारतंय."

मी फोन कानाला लावूनच चपला चढवल्या.

"आक्का म्हणतीया, व्हय म्हण. दाबलं बघ मी."

"मावशी, नको..."

तेवढ्यात पलीकडून आईचा आवाज आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोकळा.

"ये, बस. जेवलास काय रं?"