उशीची पिल्लं कुठे गेली?

“ताई, उशी पाणीसुद्धा पीत नाहीये!”

“मग तिला तहान नसेल!” भिंगरी वर न बघताच म्हणाली.

तिच्या हातात पाना होता. समोरच्या फळीला तीन चाकं लागली होती आणि चौथं काही केल्या बसत नव्हतं. काकांच्या सोफ्याच्या कारखान्यात मोडक्या खुर्च्यांची चाकं डबाभर पडलेली असत. त्यातली चार निवडून गाडी बनवायची आणि दुपारी उतारावरून सोडायची, हा सुट्टीतला पहिला मोठा बेत होता.

भिंगरी बारा वर्षांची. एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून ती भिंगरी. तिची सात वर्षांची बहीण सतत तिच्या मागे मागे, म्हणून ती शेपूट. आणि काकांचा मुलगा वयाने तेरा वर्षांचा असला तरी बोलायचा मात्र तेहतीस वर्षांच्या माणसासारखा, म्हणून तो मास्तर. उशी ही कारखान्यातली मांजर. फोमच्या गठ्ठ्यांवर लोळतच ती लहानाची मोठी झाली होती आणि दहा दिवसांपूर्वी तिथेच तीन पिल्लांची आई झाली होती.

“ताई, बघ ना! तिचे कान किती गरम लागतायत!”

मास्तरने हातातलं चाक खाली ठेवलं आणि तो उठला. उशी कापडाच्या ताग्यांमागे अंग चोरून बसली होती. रोज आरशासारखे चकाकणारे तिचे केस आज विस्कटलेले होते. मास्तरने तिला हळूच कुशीवर वळवलं, तशी ती घशातून गुरगुरली.

“भिंगरे, इकडे ये! गाडी राहू दे!”

उशीच्या पोटाची डावी बाजू लालभडक झाली होती. दोन आचळं फुगून टणक दिसत होती.

तेवढ्यात उशी कशीबशी उठली. पाठीला बाक काढून, पाय ओढत ती कारखान्याच्या मधोमध गेली. कालपर्यंत जिथे मोठा हिरवा सोफा होता, तिथे आता रिकामी फरशी होती. उशीने ती फरशी हुंगली आणि बसक्या आवाजात ओरडली. मग पुन्हा हुंगली.

“बाबा!” मास्तरने हाक मारली. “उशीला बरं नाहीये!”

काका दाराशी फोनवर कापडवाल्याशी हुज्जत घालत होते. त्यांनी हातानेच ‘जा, जा’ केलं. “उन्हाने होतं तसं! मांजराला नऊ जन्म असतात! हं, तर मी काय म्हणत होतो, तो निळा तागा...”

“नऊ असोत की नव्वद,” मास्तर पुटपुटला, “हा एक तरी धड जायला हवा!”

पाच मिनिटांत उशी झाकणाच्या टोपलीत होती आणि टोपली घेऊन तिघं जनावरांच्या दवाखान्याकडे पळत होती.

तिथल्या डॉक्टरताईंनी आधी ताप मोजला, मग बोटांनी उशीचं पोट हलकेच चाचपलं. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

“ताप खूप आहे. या बाजूला दूध तुंबून गाठ झालीय आणि आत जंतूंची लागण झालीय. केव्हापासून जेवत नाहीये ही?”

“परवापासून!” शेपटीने लगेच सांगितलं. “मी तिच्या पोटाला हात लावला तर माझ्यावर गुरगुरली! मी ताईला सांगितलं होतं. ताई म्हणाली, आई झाल्यापासून हिचा भाव वाढलाय!”

भिंगरीने टोपलीच्या काड्या मोजायला सुरुवात केली.

“दूध पाजणारी मांजर जेवेनाशी झाली, पोटाला हात लावू देईना, एका कोपऱ्यात बसून राहिली, की तो भाव नसतो गं,” डॉक्टरताई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच भिंगरीला जास्त लागलं. “तिला दुखत असतं. त्यात दूध प्यायला कुणी नसलं तर ते आणखी तुंबतं. हिची पिल्लं कुठायत?”

“कोपऱ्यातल्या खोक्यात होती,” शेपूट म्हणाली. “मग उशीने त्यांना तोंडात धरून नेलं. काल मी खूप शोधलं.”

“तो सोफा!” मास्तर एकदम ओरडला. “ती सोफ्याची जागा हुंगत होती! त्याच्या तळाचं कापड तीन बाजूंनी पिना मारून झालं होतं, चौथी बाजू उघडी होती. आत झोळीसारखी मस्त अंधारी जागा! तिने पिल्लं तिथे नेली असणार, आणि वरून कापड मारून टाकलं! आज सकाळीच तो सोफा टेम्पोतून गेलाय!”

भिंगरीचं काड्या मोजणं थांबलं.

कारण ती चौथी बाजू तिनेच मारली होती.

काल संध्याकाळी मास्तर वाचनालयात होता. भिंगरीने हट्ट धरधरून काकांकडून पिना मारायची बंदूक मिळवली होती. “आधी आत हात फिरवून बघ,” काका म्हणाले होते. “कात्री, खिळे, काहीतरी राहतंच.” आणि ते बिल लिहायला गेले होते. भिंगरी सोफ्याखाली शिरली होती. खट्! खट्! खट्! काय मजा आली होती! “आत बघितलंस ना?” काकांनी तिकडून विचारलं होतं. “बघितलं!” तिने ठोकून दिलं होतं. बघितलं नव्हतं.

“मी हिला इंजेक्शन देते, शेक देते,” डॉक्टरताई सांगत होत्या. “तुम्ही पिल्लं शोधा, लवकर! दहा दिवसांची पिल्लं उबेवाचून आणि दुधावाचून फार तग धरत नाहीत. सापडली की आधी अंगाशी धरा. तोंडात काही घालू नका. इकडे घेऊन या!”

रस्त्यावर पळता पळता मास्तर धुसफुसत होता. “बाबांनीच बघितलं नसणार! घाईत असले की त्यांना डोळ्यांपुढचा हत्ती दिसत नाही! हो की नाही गं?”

“हो ना,” भिंगरी म्हणाली.

शब्द तोंडातून गेले आणि तिला वाटलं, आपण आत्ताच्या आत्ता या रस्त्यात विरघळून जावं. मास्तर स्वतःच्या वडिलांना बोल लावत होता आणि ती खुशाल मान डोलावत होती! पाय पळत होते, पण मान काही वर होईना.

हिरवा सोफा चौकातल्या दातांच्या दवाखान्यात गेलाय, हे मास्तरला माहीत होतं. तिघं जिना चढून धापा टाकत आत शिरली. सोफा समोरच होता आणि त्यावर गाल धरून तीन पेशंट बसले होते. आतल्या खोलीतून दात कोरायच्या यंत्राची घर्र घर्र ऐकू येत होती.

“नंबर लावा आणि बसा,” टेबलामागच्या बाई म्हणाल्या.

“आम्हाला दात नाही दाखवायचे,” मास्तर म्हणाला. “सोफा उलटा करायचाय!”

“काय करायचाय?”

“त्याच्यात मांजराची पिल्लं आहेत!”

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “आज सकाळी आलाय तो सोफा! कोरा करकरीत! चला, निघा! सुट्टी लागली की यांचे उद्योग सुरू!”

शेपूट मात्र केव्हाच सोफ्यापाशी पोचली होती. तिने कान लावला, पण यंत्राच्या आवाजात कुठलं काय ऐकू येणार! तिने क्षणभर विचार केला. मग एकदम दोन पावलं मागे उडी मारली आणि किंचाळली, “ढेकूण! बाप रे, केवढा ढेकूण!”

तिन्ही पेशंट एका दमात उभे राहिले! एक आजोबा तर दातदुखी विसरून खुर्चीवरच चढले!

“ढेकूण? माझ्या दवाखान्यात?” बाईंचा चेहरा पांढराफटक पडला आणि मग लाल झाला. त्यांनी फोन उचलला. “थांबा, त्या सोफेवाल्यालाच विचारते! सगळ्यांसमोर!”

फोनचा आवाज मोठा होता. काकांचा शब्द न् शब्द सगळ्यांना ऐकू येत होता.

“ढेकूण? शक्यच नाही, बाई!”

“आणि ही मुलं म्हणतायत आत मांजराची पिल्लं आहेत!”

“पिल्लं?” काका हसले. “छे हो! कापड मारायच्या आधी माझ्या पुतणीने स्वतः आत हात घालून बघितलंय. अवखळ आहे पोरगी, पण खोटं बोलायची नाही. मी शब्द देतो!”

मास्तरने वळून भिंगरीकडे बघितलं. शेपटीनेही बघितलं.

भिंगरीचे कान असे तापले की त्यांवर हात शेकता आले असते. गप्प बसणं सोपं होतं. बाईंनी तिघांना हाकललं असतं, प्रश्न मिटला असता. आणि सोफ्याच्या आत...

“काका,” ती म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं, “काका, मी बघितलं नव्हतं. मी खोटं बोलले. हातच घातला नव्हता आत.”

आतलं यंत्र नेमकं त्याच वेळी थांबलं. आणि त्या शांततेत, सोफ्याच्या पोटातून, सुईच्या टोकाएवढा आवाज आला.

“म्यॅ...”

“उलटा करा तो सोफा!” खुर्चीवरचे आजोबा गरजले.

मग काय, मघाचे पेशंटच पुढे सरसावले! आतून दातांचे डॉक्टर धावत आले. हातातल्या टोकदार आकड्याने ते एकेक पिन उपसू लागले. “आजवरचे सर्वांत बारीक दात उपटतोय मी!” ते म्हणाले, पण भिंगरीला हसू आलं नाही. प्रत्येक पिन तिची होती. किती घट्ट, किती जवळजवळ मारल्या होत्या तिने, हौसेने!

कापड सुटलं. दोन पिल्लं आंधळेपणाने मान हलवत वळवळली. तिसरं, सगळ्यांत लहान, करडं, हललंच नाही. ते गार होतं.

भिंगरीने ते उचललं आणि सदऱ्याच्या आत पोटाशी धरलं. “मेलं का गं ताई?” शेपटीने विचारलं. भिंगरी जिना उतरत सुटली. मास्तर उरलेली दोघं रुमालात घेऊन मागे होताच. सगळ्या रस्त्याने ती पोटाशी चाचपत होती. एकदा काहीतरी हललं. की आपलंच पोट धडधडतंय? तिला कळेना.

डॉक्टरताईंनी करडं पिल्लू गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवलं आणि फडक्याने चोळायला घेतलं. चोळत राहिल्या. घड्याळाचा काटा टकटकत होता. आणि मग पिल्लाने जांभई दिली! एवढीशी, गुलाबी जांभई!

“जिवंत आहे!” शेपटीने टुणकन उडी मारली. भिंगरी मात्र भिंतीला टेकून खाली बसली आणि हमसून हमसून रडली.

काका दारात उभे होते. ते कधी आले कुणाला कळलं नव्हतं. भिंगरी डोळे पुसत उठली. “काका, मी...”

“थांब,” काका म्हणाले. ते तिच्याकडे न बघता टोपीशी चाळा करत होते. “सकाळी सोफा चढवताना कापड मध्येच लोंबत होतं. म्हटलं, पोरीने सैल मारलंय. उशी टेम्पोभोवती घिरट्या घालत ओरडत होती. मी तिला हुसकावलं. तू खोटं बोललीस ते वाईटच. पण मी चाळीस वर्षांचा घोडा, डोळे असून बघितलं नाही. मलाही तोंड वर करवत नाहीये.”

“बाबा, मी तर तुम्हालाच नावं ठेवत होतो,” मास्तर हळूच म्हणाला.

“आणि मी ठेवू देत होते,” भिंगरी म्हणाली. तेही एकदाचं सांगून टाकलं.

डॉक्टरताई हात पुसत वळल्या. “तिघांनी वेळेवर आणलंत म्हणून चार जीव वाचतील. शाबास!”

“मला शाबासकी नको,” भिंगरी म्हणाली.

“बरं. मग काम घे. गरम पाण्यात फडकं बुडवायचं, पिळायचं आणि त्या बाजूला हलका शेक द्यायचा, दिवसातून चार वेळा. दाबायचं नाही. औषध चुकवायचं नाही. पिल्लं जवळ ठेवायची, पण रोज एकेकाचं वजन करून मला कळवायचं. कमी भरलं की लगेच यायचं.”

पहिले दोन दिवस उशी भिंगरीच्या हातावर गुरगुरायची. भिंगरी गुरगुर ऐकत शेक द्यायची. तिसऱ्या दिवशी उशीने वाटीभर खाल्लं. सहाव्या दिवशी लाली ओसरली, आणि करडं पिल्लू काट्यावर आदल्या दिवसापेक्षा चार ग्रॅमने जास्त भरलं! जिला घरात पाच मिनिटंही कुणी बसलेलं बघितलं नव्हतं, ती भिंगरी त्या टोपलीशेजारी तासन्‌तास बसून होती.

गोष्ट सगळीकडे पसरली. दातांच्या डॉक्टरांनी तिघांसाठी मोठा खोका भरून रंगपेट्या पाठवल्या. कारखान्यात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला काका टोपली दाखवायचे आणि म्हणायचे, “आमच्या या पोरांनी वाचवली हो! केवढी हुशार!” गिऱ्हाईक कौतुकाने भिंगरीच्या पाठीवर थाप मारायचं.

“पण कोंडली होती मीच,” भिंगरी म्हणायची.

दर वेळी तिचे कान लाल व्हायचे. दर वेळी गिऱ्हाईक जरा गडबडायचं. काका तिच्या शेजारी येऊन उभे राहायचे आणि घसा खाकरून म्हणायचे, “आणि टेम्पोत मी चढवली.”