केवड्याचा फवारा

शेखररावांना रूम स्प्रे घ्यायचा होता, बाकी काही नाही. कॉलेज रोडवरच्या एका चकचकीत दुकानात ते एकेक डबा नाकाशी नेत होते आणि काउंटरवरची मुलगी हसू दाबत होती. लव्हेंडर म्हणजे दवाखान्यातल्या फरशीचा वास. लिंबाचा म्हणजे भांड्यांच्या साबणाचा. ‘ओशन’ नावाचं काहीतरी हुंगून तर त्यांना शिंकाच सुटल्या.

“काका, नेमका कसा पाहिजे?” मुलीने शेवटी विचारलं.

आता काय सांगायचं? आमच्या घरासारखा, असं म्हटलं असतं तर तिने कुठल्या फळीवरून काढून दिला असता? ते तसेच बाहेर पडले.

घराचा वास योगिनीने बनवलेला होता. शेखररावांची पंचवटीच्या बाजार समितीत कांद्याची आडत. उभा जन्म कांद्यात गेलेला माणूस. अंघोळ केली तरी वास अंगातून हलायचा नाही. चातुर्मासात योगिनी घरात कांदा आणू द्यायची नाही, आणि संध्याकाळी हे दारातून आत आले की म्हणायची, “अहो, तुम्ही आत आलात की माझा नेम मोडतो!” बाजारातले स्प्रे तिला पटेनात. मग काच पुसायच्या औषधाची रिकामी बाटली धुऊन तिने स्वतःच घाट घातला. गुलाबपाणी, थोडं स्पिरिट आणि मालेगावहून आणवलेलं केवड्याचं अत्तर. तिन्हीसांजेला, दिवा लावायच्या आधी, पडद्यांवर फुस्स, सोफ्यावर फुस्स आणि शेवटचा हटकून यांच्या डोक्यावर. हे ओरडायचे, ती खळखळून हसायची. त्या हसण्यासाठी शेखरराव कितीदा मुद्दाम अंघोळ न करता बसून राहिले असतील, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

दिवाळीनंतर योगिनी गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. बाटलीच्या तळाशी बोटभर उरलं होतं. शेखरराव रोज एकदाच दाबायचे आणि डोळे मिटायचे. वाटायचं, आहे, स्वयंपाकघरात आहे, आत्ता चहाला हाक मारेल. पण एके दिवशी नळी नुसती हवा ओढू लागली, आणि म्हणून ते त्या दुकानात गेले होते.

दुकानातून हात हलवत परतल्यावर त्यांनी तेच केलं, जे आपल्याकडे घरोघरी शाम्पूच्या बाटलीचं होतं. पाणी घालायचं आणि हलवायचं. नळाचं पाणी घालायला मात्र मन धजेना. देवघरात एका प्लास्टिकच्या बाटलीत रामकुंडाचं पाणी होतं. दशव्याच्या दिवशी महेशने, त्यांच्या मेहुण्याने, ते देवाजवळ ठेवलेलं. गोदामाईचं पाणी नासत नाही, या विचाराने त्यांनी ते सगळं स्प्रेच्या बाटलीत ओतलं. योगिनीच्या अस्थी त्याच कुंडात सोडल्या होत्या, हे त्या घटकेला त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

संध्याकाळी त्यांनी पडद्यावर फवारा मारला. पाणी घातलेला वास तो, फिका यायला हवा होता. पण केवडा असा दरवळला की जणू कणीस आत्ताच उकललं. शेखररावांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. फुस्स...

बाटली त्यांच्या हातात होती.

“योगिनी?”

वास हलला. चपलांच्या कपाटापाशी थांबला, सोफ्याला वळसा घालून आला आणि त्यांच्या डोक्यावर येऊन थबकला. टाळूवर एक गार थेंब पडला. घाबरायला हवं होतं खरं तर. शेखरराव हसले, आणि मग लहान पोरासारखे रडले.

त्यानंतर ते आडतीवरून लवकर घरी यायला लागले. फवारा मारायचा आणि रिकाम्या सोफ्याशी बोलत बसायचं. सहादू हमालाच्या घरी लग्न निघालंय, देवळ्याकडचे शेतकरी तुझी आठवण काढतात, तुझ्या हातच्या चहाची. ते बोलायचे आणि केवडा ऐकायचा.

पण हळूहळू त्या केवड्याखालून दुसराच वास यायला लागला. शेवाळलेल्या दगडांचा. कुजक्या झेंडूचा. राखेचा. पडद्यांना ओल धरली. सोफ्याची एक बाजू भिजायला लागली, जणू कोणी अंघोळीहून न पुसताच येऊन बसलंय. नाशिकची ती पौषातली थंडी, आणि एका संध्याकाळी त्या ओल्या कोपऱ्यातून अगदी हलका आवाज आला.

“अहो... गार लागतंय...”

शेखररावांनी धावत जाऊन रजई आणली, पांघरली. सकाळी ती पिळून काढावी लागली. हीटर आणला. हीटरसमोरची फरशीसुद्धा ओली.

“लागतंय हो... फार गार...”

समोरच्या दारातल्या लताबाई भाजी द्यायला आल्या, त्या उंबऱ्यातच थबकल्या. तिसऱ्या मजल्यावर ही दोनच घरं, त्यामुळे काही लपत नसे. त्यांनी नाकाला पदर लावला.

“भाऊ, हे काय? घरात नदी शिरल्यासारखं झालंय.”

शेखररावांनी सगळं सांगितलं. लताबाईंचा चेहरा उतरला.

“ज्या पाण्यात माणूस सोडलं, तेच घरात शिंपडलंत? अडकवून ठेवलंत हो तिला. ना इथली ना तिथली. नेऊन सोडा, भाऊ.”

“मग वास जाईल.”

“जाऊ दे.”

“ती पण जाईल, लताबाई.”

त्या संध्याकाळी शेखररावांनी फवारा मारलाच नाही, बाटली मांडीवर घेऊन नुसते बसले. सोडली तर ती कायमची गेली. ठेवली तर ती अशी कुडकुडणार. काळोख झाला तेव्हा सोफ्याच्या कोपऱ्यातून दात वाजल्याचा बारीक आवाज येऊ लागला, आणि त्यांना तो ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रामकुंडावर गेले. पाण्यात उतरले, बाटलीचं झाकण काढलं आणि ओतली. केवडा क्षणभर घमघमला आणि विरला. मागे वळून बघायचं नसतं, म्हणून न बघता, चारचौघांत डोळे पुसत ते घरी आले.

घर खडखडीत कोरडं होतं. कसलाच वास नव्हता. न राहवून त्यांनी महेशला फोन लावला आणि त्याने ठेवलेल्या पाण्याची सगळी हकिगत सांगितली.

“दाजी... ते पाणी मी आणलं नव्हतं.”

“मग?”

“आपण कुंडावरून परत आलो ना, तेव्हा ती बाटली तुमच्या दारात उभी होती. बाहेरून ओली... तुम्ही सुन्न होता. मला वाटलं, आपल्याच कोणीतरी आणली. मी उचलून देवाजवळ ठेवली.”

शेखररावांच्या हातातला फोन तसाच राहिला. ती आपणहून आली होती. कुंडातून उठून, एवढ्या थंडीत, घरी आली होती. आणि त्यांनी तिला स्वतःच्या हातांनी परत त्या पाण्यात लोटलं होतं.

ते उठले आणि दार सताड उघडून ठेवलं. उंबऱ्यावर कोरडा टॉवेल ठेवला. दिवसरात्र वारा आत येऊ लागला, पण त्यांनी दार लावलं नाही.

परवा लताबाई कुरकुरतच आल्या. “भाऊ, सोसायटीत जरा सांगा. जिन्यात कोणीतरी पाणी सांडतंय. काल पहिल्या मजल्यापर्यंत होतं, आज दुसऱ्यापर्यंत आलंय.”

शेखररावांचा चेहरा उजळला. “पावलं आहेत का हो? बाईची?”

“आहेत...” लताबाईंचा आवाज एकदम खाली आला. त्यांनी उघड्या दाराकडे पाहिलं. “एका बाईची आहेत, भाऊ... पण तिच्या मागून अजून कितीतरी जण चढून येतायत.”