तीनशे अकरा साक्षीदार

डॉ. ल्याओ पेइ-शुन यांचा मृतदेह गुरुवारी दुपारी तैपेईच्या दक्षिणेला नदीत सापडला. आदल्या संध्याकाळी सात वाजता त्या आपल्या घरून, व्हिडिओवर, एकोणीस देशांतल्या तीनशे अकरा पत्रकारांशी बोलताना दिसल्या होत्या. यकृताच्या नव्या औषधाविषयी त्यांनी सांगितले होते, "सर्व नोंदी मी स्वतः तपासल्या आहेत. औषध सुरक्षित आहे."

पाण्यात राहिलेल्या देहावरून मृत्यूची वेळ नेमकी ठरेना. पण इतके साक्षीदार असताना ती ठरवण्याची निकड कोणाला वाटली नाही. बुधवारी सातनंतर केव्हातरी, बहुधा आत्महत्या.

निरीक्षक फान यू-चिंग पोलिसांत येण्यापूर्वी रसायनशास्त्र शिकल्या होत्या. 'बहुधा' हा शब्द त्यांना खुपत असे.

पुढच्या बुधवारी त्या डॉक्टरांच्या आईला भेटल्या. मायलेकी तिसऱ्या मजल्यावरच्या लहानशा घरात राहत. दाराशी बांधलेली कचऱ्याची पिशवी होती.

"वासाकडे लक्ष देऊ नकोस, पोरी," म्हातारी म्हणाली. "आज बुधवार, कचऱ्याची गाडी नाही. चहा टाकू?"

"नको, मावशी. डॉक्टर गेल्या तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"च्यायी गावी, थोरल्या बहिणीकडं. मंगळवारी रात्री नऊला पेइ-शुनचा फोन आला. म्हणाली, 'आई, या गोळ्यांनी चार माणसं गेलीत. उद्या सगळ्यांसमोर सांगणार आहे.' आणि दुसऱ्या दिवशी तीच म्हणे औषध चांगलं! लोक म्हणतात, खोटं बोलली आणि लाजेनं जीव दिला. माझी पेइ-शुन खोटं बोलायची नाही."

"पण बोलली, मावशी. जगानं पाहिलं."

"मग मलाही दाखव."

फान यांनी लॅपटॉप उघडला. पडद्यावर हीच खोली, हीच खिडकी. औषध कंपनीचे प्रवक्ते हुंग शि-काय प्रश्न वाचत होते, डॉक्टर उत्तरे देत होत्या, मध्ये दुभाषी बोलत होता. सहाव्या मिनिटाला दुरून पियानोची धून आली.

म्हातारी खुर्चीतून अर्धी उठली. हात पिशवीकडे गेला. मग ओशाळून खाली बसली.

"मेली सवय! धून ऐकली की पाय थांबत नाहीत."

फान यांनी तो तुकडा तीनदा ऐकला. चित्रणाच्या शेवटी मनिलाच्या एका पत्रकार बाईने आयत्या वेळी प्रश्न लिहून पाठवला होता: रुग्ण किती दगावले? डॉक्टर काही बोलल्या नाहीत. त्यांचा संपर्क तुटल्याचे हुंग यांनी जाहीर केले.

गुरुवारी सकाळी फान हुंग यांच्या कार्यालयात गेल्या.

"प्रश्न आधी लेखी मागवता?"

"नेहमीच. एकोणीस देश, त्यात दुभाषी. आयत्या वेळी फजिती नको."

"तालीम झाली होती?"

"मंगळवारी, बरोबर सातला. तोच उजेड, तेच कपडे, तीच खुर्ची. मी काम चोख करतो, बाई."

"रेकॉर्ड केली?"

"छे! तालीम कोण जपून ठेवतं?"

"बुधवारी डॉक्टर घरूनच बोलल्या?"

"मग काय! मी मात्र सकाळपासून इथंच होतो, वीस माणसांत. इथून थेट विमानतळ आणि सिंगापूर. अजून काही?"

"तुमच्या घरचा कचरा कोण टाकतं?"

हुंग खो खो हसले. "तपास संपला वाटतं, कचऱ्यावर आलात! आमच्या इमारतीत तळघरात खोली आहे. रखवालदार बघतो. मी कधी तिकडं फिरकलोही नाही."

त्याच संध्याकाळी फान यांनी हुंग यांना म्हातारीच्या घरी बोलावले. डॉक्टरांच्या कार्यालयातल्या वस्तू आईच्या हाती द्यायच्या होत्या. खिडकी उघडी होती. सात वाजून गेल्यावर खालून धून आली. म्हातारीने पिशवी उचलली.

"ही धून परिषदेतही आहे," फान म्हणाल्या.

"असेल. कचऱ्याची गाडी. रोजच येते," हुंग म्हणाले.

म्हातारी दाराशी थांबली. "रोज? बुधवारी आणि रविवारी गाडी येत नाही, साहेब. शेंबडं पोरगंही सांगेल."

हुंग यांचा चेहरा उतरला.

"एका धुनेवर मी कोणाला धरत नाही," फान सावकाश म्हणाल्या. "म्हणून आज आणखी दोन गोष्टी तपासल्या. बुधवारी परिषदेत पडद्यावरची डॉक्टरांच्या नावाची खिडकी या घरातून उघडली नव्हती. कार्यालयातल्या तुमच्या खोलीतल्या दुसऱ्या संगणकावरून उघडली होती. तुम्ही तालमीचं चित्रण लावलंत. प्रश्न ठरलेले, उत्तरं ठरलेली, आणि दुभाषी बोले तेवढ्यात पुढचा तुकडा लावायला सवड. न ठरलेला प्रश्न एकच आला. तिथं संपर्क तुटला."

"आणि दुसरी?" हुंग यांनी विचारले.

"नदीकाठच्या कॅमेऱ्याचं चित्रण. आम्ही बुधवारनंतरचंच पाहिलं होतं. मंगळवारचं कोणी मागितलंच नाही. त्यात रात्री अकरानंतर तुम्ही दोघं पुलाकडे जाताना दिसता, आणि तुम्ही एकटे परतता. खरं बोलणार, हे तिनं आईआधी तुम्हाला सांगितलं होतं, हो ना? तीनशे अकरा साक्षीदारांपैकी एकानंही तिला पाहिलं नव्हतं. त्यांनी पडदा पाहिला."

"त्या चौघांचं यकृत आधीच गेलेलं होतं," हुंग पुटपुटले. "तिला मी किती समजावलं..."

जिन्यात थांबलेले दोन शिपाई त्यांना घेऊन गेले. म्हातारी पिशवी धरून तशीच उभी होती.

"त्या गोळ्या लोक अजून घेतात?"

"नाही. दुपारी सरकारनं थांबवल्या."

"म्हणजे माझी पेइ-शुन खोटं बोललीच नाही."

फान यांना 'नाही बोलली' म्हणणे सोपे होते.

"तालमीत बोलली, मावशी. दोन तासांत तिचं मन पालटलं. खऱ्या वेळी तिला बोलू दिलं नाही."

खाली धून दूर जाऊ लागली. फान यांनी म्हातारीच्या हातातली पिशवी घेतली आणि गाडी गाठायला जिना उतरू लागल्या.